कायमची स्थायिक

चाकणजवळच्या निघोज्याच्या चौकात सकाळी सकाळी ज्योतीरामचं थोबाड दिसलं आणि कुसुमताईचं डोकं सटकलं. थोबाड फ्लेक्सवरचं होतं, पण खऱ्यापेक्षा चौपट मोठं. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, कानाला मोबाईल. जसा काही अमेरिकेचाच फोन आलाय मेल्याला! खाली गोल चौकटींत त्याच्या भंगाराच्या धंद्यातली टाळकी, आणि एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, कुसुमताईची लेक दिव्या. वर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘आमची लाडकी पुतणी कु. दिव्या लोमटे हिची अमेरिकेत कायमची स्थायिक होण्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : ज्योतीरामभाऊ मित्र परिवार.’

आईचं नाव कुठंच नव्हतं. त्याचं तिला काही नाही, असं ती स्वतःलाच दोनदा म्हणाली.

लाडकी पुतणी म्हणे! कुसुमताईचा नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. तो गेला तेव्हा दिव्या दहावीत होती. तेराव्याची पातेली घासून व्हायच्या आत ह्याच दिराने केजकडचं एक स्थळ काढलं होतं. "वैनी, पोरीचं उरकून टाका, तुमचा बी भार हलका हुईल." कुसुमताई हातातलं उलथनं घेऊन त्याच्या मागे दारापर्यंत गेली होती. मग तिने मेस काढली. कंपन्यांतल्या पोरांचे डबे, तिन्ही शिफ्टची जेवणं, चाकणच्या बाजारातून कांद्याची गोणी स्वतः स्कूटीवर पायाशी ठेवून आणणं. भाजीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्याला ती मिठाची बरणी आणि चार शब्द, दोन्ही वाढायची. तोंड असं की भल्याभल्यांची बोलती बंद. पण त्याच तोंडाच्या जोरावर तिने दिव्याला ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला घातलं, आणि आता पोरीला शेवटचं वर्ष अमेरिकेतल्या एका विद्यापीठात करायला मिळत होतं. खर्च सगळा तिकडचेच लोक करणार होते. राहिला होता फक्त व्हिसा.

त्या व्हिसासाठी गेला महिनाभर दोघींची तालीम चालली होती. दर शनिवारी दिव्या होस्टेलवरून घरी यायची आणि कुसुमताई पोळ्या लाटता लाटता अमेरिकन साहेब व्हायची. कुठलं विद्यापीठ, काय शिकणार, खर्च कोण करणार, असं सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न यायचा.

"परत येणार का?"

"हो सर. माझी आई इथं एकटी आहे, तिची मेस आहे. शिकून आले की मला ती मोठी करायची आहे. कंपन्यांच्या कॅन्टीनची कामं घ्यायची आहेत."

दिव्या आधी इंग्रजीत बोलायची, मग मराठीत. इंग्रजीतलं कुसुमताईला कळायचं नाही, म्हणून ती म्हणायची, "अडखळलीस बघ. पुन्हा सांग, मराठीत सांग." दिव्या तसूभरही अडखळलेली नसायची. पण ते उत्तर ऐकलं की कुसुमताईच्या पोळ्या फुगायच्या. शेजारचा गाळा रिकामा होणार आहे का, ह्याची तिने गुपचूप चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

आणि आता चौकात, भर रस्त्यावर, ‘कायमची स्थायिक’!

तिने तिथूनच दिव्याला फोन लावला. फ्लेक्सवरचं वाचून दाखवलं तशी पोरगी फोनवर किंचाळलीच. "आई, काकांनी ह्याच फ्लेक्सचा फोटो इन्स्टावर टाकून मला टॅग केलंय! परवा माझा इंटरव्ह्यू आहे. व्हिसावाले आपलं अकाउंट उघडं ठेवायला लावतात, सगळं बघतात. मी तिकडेच राहणार असं दिसलं तर देतील का व्हिसा? काढायला लाव ते, आत्ताच्या आत्ता!"

कुसुमताई तडक ज्योतीरामच्या भंगाराच्या गोदामावर गेली. तो खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

"भावजी, तो फ्लेक्स उतरवा. आणि मोबाईलवरचं पण काढा."

"कामून? चांगलं कौतुक केलं तर भांडायला आलाव व्हय वैनी? इलेक्शन तोंडावर हाय. फ्लेक्स न्हाई निघायचा."

"मग आजपासून तुमच्या गोदामातल्या माणसांचे डबे बंद. तुमचा पण."

ह्या धमकीने तो जरा हलला. त्याच्या घरी कुणाच्याच हाताला चव नव्हती, हे सगळ्या निघोज्याला माहीत होतं. त्याने तोंड वाकडं करत मोबाईल काढला आणि पोस्ट उडवली. "झालं? फ्लेक्सला मात्र हात लावायचा न्हाई."

"लाज नाही वाटत तुम्हाला? पोरगी एका वर्षासाठी चाललीये. स्थायिक कुणी सांगितलं?"

ज्योतीरामने कप खाली ठेवला. आता तो हसत होता. कुसुमताईला त्याचं रागावणं चालायचं, हसणं चालायचं नाही.

"मी काय मनानं छापलं? पोरीनंच सांगितलं. गणपतीत आली होती ना घरी, तवा म्हणली, काका, एकदा गेले की मी काय परत येत न्हाई बघा. तिकडंच नोकरी बघणार. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

कुसुमताई वळली आणि चालू लागली. मागून तो काहीतरी म्हणाला, ते तिने ऐकलं नाही.

दुपारचे डबे गेल्यावर ती भाजीची सुरी आणि प्लास्टिकचं स्टूल घेऊन चौकात आली. कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी होती. ती स्टुलावर चढली आणि बांबूला बांधलेल्या सुतळ्या कापू लागली. एकाने मोबाईल वर केला तशी ती कडाडली, "ठेव तो खिशात, नाहीतर उद्यापासून उपाशी राहशील!" त्याने ठेवला. फ्लेक्स भसकन खाली आला. ज्योतीरामचं तोंड धुळीत पडलं, पण तिला त्याचं काडीचंही सुख झालं नाही. खोटं असतं तर तिने ह्याहून जोरात फाडला असता. खरं होतं, आणि ते तिला स्वतःच्या हातांनी झाकावं लागत होतं.

संध्याकाळी दिव्या आली तेव्हा फ्लेक्स कांद्याच्या गोण्यांवर उलटा पसरलेला होता.

"काढलास? थँक यू आई, वाचवलंस!"

"काकाला सांगितलंस. मला का नाही?"

दिव्याने पाठीवरची सॅक खाली टाकली. "त्यांना काय फरक पडतो मी आले काय नि नाही आले काय? तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मी? मला कधी रडताना बघितलंस?"

"नाही. म्हणूनच."

"वा गं वा! मला जपायला खोटं बोललीस होय?"

"नाही, मला जपायला!" आता दिव्याचाही आवाज चढला. "नाही यायचं मला परत. ह्या कांद्यांचा वास नको, तुझी रोजची भांडणं नकोत. काकांशी भांड, ते ठीक आहे. पण तू मीठ मागणाऱ्याशीही भांडतेस! जन्मभर तुझ्या बाजूने उभं राहून मी दमले, आई."

कुसुमताईचा हात उचलला गेला. कानफटात बसली असती, पण हातात लाटणं होतं. तिने ते पोळपाटावर आपटलं आणि स्वतः पाटावर बसली. शेगडीवर तवा तापला होता. रात्रपाळीच्या डब्यांच्या पोळ्या व्हायच्या होत्या.

"बस समोर," ती म्हणाली.

"आई, आत्ता नको."

"परवा इंटरव्ह्यू आहे ना? बस म्हणते ना. कुठलं विद्यापीठ?"

दिव्या बसली. नाव सांगितलं. काय शिकणार ते सांगितलं. खर्च कोण करणार ते सांगितलं. कुसुमताईने पोळी तव्यावर टाकली आणि मान वर करून लेकीच्या डोळ्यांत बघितलं.

"परत येणार का?"

"हो सर," दिव्या म्हणाली. "माझी आई इथं एकटी आहे, तिची मेस आहे. शिकून आले की मला ती मोठी करायची आहे. कंपन्यांच्या कॅन्टीनची कामं घ्यायची आहेत."

एका शब्दालाही अडखळली नाही. पापणीसुद्धा लवली नाही तिची.

तव्यावरची पोळी करपली होती. कुसुमताईने ती उचलून बाजूला टाकली.

"जा," ती म्हणाली. "देतील तुला व्हिसा."