मोराच्या मानेवरचं डांबर

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. शेगावला समाधीपुढे हात जोडले तेव्हा ओठांवर आलं होतं — तिथंही गिळून टाकलं. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका.

पण आधी घर पाहून घ्या. घाई कसली?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा पिंपळगाव राजात आमचं पक्कं घर उभं राहिलं. गावात पक्की घरं नव्हती असं नाही — पण आमच्यासारखं? दाखवा एखादं! भिंती गवंड्यानं बांधल्या. घर मात्र मी केलं. गिलावा तडकू नये म्हणून विहिरीचं पाणी ओढून सकाळ-संध्याकाळ भिंतींवर मी मारलं. चुन्यात नीळ किती घालायची ते मी ठरवलं, कारण जास्त झाली की भिंत आजारी दिसते. सागवानी दारांना जवसाचं तेल मी चोळलं. शहाबादी फरशी बसली तेव्हा एकेक फरशी बोटांनी वाजवून पाहिली आणि पोकळ वाजली ती गवंड्याला उचलायला लावली. तो वैतागला. म्हणाला, "बाई, घर बांधून राह्यले का मडकं इकत घेऊन राह्यले?"

"मडकंबी वाजवूनच घेते मी," म्हटलं.

गर्व दिसतोय ना माझा? असू द्या. तो खोटा नव्हता. त्या घरानं मला जितकं सुख दिलं तितकं दागिन्यांनी दिलं नाही.

आता सुमन. माझी धाकटी जाऊ. चिखलीकडची — आमच्या 'मले-तुले'च्या गावात ती 'मला-तुला' म्हणायची, म्हणून बाया तिला पुण्याची म्हणून चिडवायच्या. घरात तिचा शब्द कुठं चालत नसे. ओटा केवढा करायचा, खिडकी कुठं ठेवायची, तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. तिनं एवढंच मागितलं, की वास्तुशांतीच्या आधी दाराशेजारच्या भिंतीवर मला मोर काढू द्या. तिचे वडील यायचे होते, लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीच्या घरी. नव्या घरात माझ्या हातचं काहीतरी त्यांना दिसू दे, म्हणाली. मी हो म्हटलं. एक मोर — काढून काढून असा काय काढणार होती?

काय मोर काढला तिनं! गेरू, पिवळी पेवडी, नीळ. कापसाचा बोळा आणि कडुनिंबाची चावलेली काडी. मान वळवून मागं पाहणारा मोर. त्या मानेवर ती निळीचे थर चढवायची आणि एक थर वाळेपर्यंत भिंतीसमोर मांडी घालून बसून राहायची.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी शेजारपाजारच्या बाया घर पाहायला आल्या. मी तयारच होते. आधी दारं दाखवायची, मग फरशी, मग स्वयंपाकघर — सगळं मनात ठरलेलं. पण बाया दाराशी आल्या आणि तिथंच थबकल्या.

"काय मोर काढला व माय! आता उडते का काय!" शेजारची गंगूबाई म्हणाली.

मग त्या आत आल्या. माझ्या फरशीवरून चालल्या, पण खाली कोणी पाहिलं नाही. दारांवरून कोणी हात फिरवला नाही. जाताना पुन्हा मोरापाशी घोळका. गंगूबाई तर गल्लीतून ओरडून कोणाला सांगत होती, "मोरवालं घर पाहून आली मी!"

मोरवालं घर. माझं घर — मोरवालं?

इथं माझी जीभ अडते. थांबा. सांगते.

नव्या घराला नजर लागू नये म्हणून काहीतरी करतातच. आम्हीही केलं होतं. चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं छपराच्या कोपऱ्याला उलटं टांगलेलं होतं. नजरेचा बंदोबस्त झाला होता. त्यातूनही मोराला तीट लावायचीच होती, तर काजळाची डबी देवळीत होती. लेकराच्या गालाला लावतात तेवढी टिकली पुरली असती. मी काजळ घेतलं नाही. वाळवी लागू नये म्हणून सुतारानं तुळयांना डांबर लावलं होतं, त्यातलं थोडं डब्यात उरलं होतं — मी ते घेतलं. का? काजळ पुसता येतं म्हणून. डांबरावर चुन्याचे कितीही हात द्या, ते वर येतंच. हे मला ठाऊक होतं. घर मीच केलं होतं ना!

सुमन विहिरीवर गेली होती. मी चिंधी डांबरात बुडवली आणि मोराच्या मानेवर दाबली — जिथं नीळ सगळ्यात गडद होती, बरोबर तिथं. चांगला तळहाताएवढा डाग.

ती आली. डोक्यावर घागर तशीच. भिंतीकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "नजर लागली असती व सुमन. लयच चांगला झाला होता."

तिनं घागर उतरवली आणि वाकून माझ्या पाया पडली. "बाई, माझ्या मोराची तुम्हाला एवढी काळजी? मला वाटलं, तुम्हाला तो आवडलाच नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना भिंतीपुढे नेलं. मोराआधी डागच दाखवला — "आमच्या बाईंनी तीट लावली!" त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले. लेक चांगल्या घरी पडली, म्हणाले. मी पदर सावरला. आणि खरं सांगू? मला तेव्हा लाज नाही वाटली. अभिमानच वाटला. लाज फार उशिरा आली, आणि आली ती कायमची राहिली.

पुढं गावात कोणाचं घर उभं राहिलं, की मोर काढायला सुमनला बोलावणं यायचं. एकेक मोर असा, की माणसानं पाहत राहावं. आमच्या घरचीच बाई ती. माझीही मान ताठ व्हायची. पण मोर पुरा झाला तरी डाग ती स्वतः लावत नसे. "तीट आमच्या बाईच लावतील," म्हणायची. मग मला निरोप. बसायला पाट, ओटीत खण-नारळ, आणि डांबराचा डबा. गावात आता ती रीतच पडली आहे. काळ्या डागाशिवायचा मोर कोणाला अपुरा वाटतो.

परवा तिच्या लेकाचं घर झालं. सुमनचा हात आता कापतो, तरी मानेची नीळ तशीच उतरली. तिनं डबा माझ्यापुढे धरला. "लावा बाई. तुमच्या हाताची लागली, की मला घोर राहत नाही."

तिच्या मोराला आजवर एकच नजर लागली, आणि ती लावणारी बाई तिच्यासमोर चिंधी हातात घेऊन उभी होती. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी लावली.