तात्यांच्या बकऱ्या आणि माझा फोरट्रानचा वाघ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा गाढवपणा मी एकट्यानं केलेला आहे. त्यात कुणाची भागीदारी नाही, आणि वाटा मागायलाही आजवर कोणी आलेलं नाही.

सत्तरनंतरची गोष्ट. मी भोरचा, पण नोकरी पुण्याला, एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं आणि त्यांच्यासाठी गार हवा. आम्ही माणसं बाहेर घामाघूम. मशीनला जे काम सांगायचं ते चौकटीच्या कागदावर लिहायचं, मुली त्याची भोकं पाडलेली कार्डं करायच्या, तो गठ्ठा आत जायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी कागदावर छापून यायचं. चूक असली तर तीही दुसऱ्या दिवशीच कळायची.

असा मी, मामाला बरोबर घेऊन वेल्ह्याला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील, तात्या, तहसील कचेरीत अव्वल कारकून. मुलगी सुमन. तिनं पोहे ठेवले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. माझं तिथंच ठरलं होतं. प्रश्न तात्यांचा होता.

"काम काय करता?" तात्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरला काम सांगतो."

"त्ये ऐकतंय?"

"सांगितलेलं सगळं करतं."

"मंग काम तर यंत्रच करतंय. पगार तुमाला कशापायी?"

मामानं पोह्यांत तोंड घातलं. तात्या पुढं म्हणाले, "उद्या त्ये यंत्र शाणं झालं, की तुमाला घरी बसवत्याल. मंग माजी पोरगी काय यंत्राच्या घरी नांदायची?"

इथं गप्प बसायचं असतं, हे आज कळतं. पण आतल्या दाराचा पडदा हलला आणि मला चेव आला. म्हणालो, "यंत्र आपण होऊन शहाणं होत नाही, तात्या. मी शिकवीन तेवढंच त्याला येतं. मनात आणलं तर वाघबकरीसुद्धा शिकवीन."

मामानं मला चिमटा काढला तो उशिरा. वाघबकरीत तात्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, हे मला कुठं ठाऊक? आमच्याकडं हा खेळ तेवीस घरांचा. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. तात्या पंचवीस वर्षं बकऱ्या घेऊन वाघ कोंडत आले होते.

"शिकवा," तात्या शांतपणे म्हणाले. "तुमच्या यंत्रानं मला हरवलं, तर तुमच्या हातात कायतरी हाय म्हनायचं. पोरगी दिली."

यंत्र वेल्ह्याला येणं शक्य नव्हतं आणि तात्या रजा घेणारे नव्हते. तेव्हा डाव पोस्टकार्डावर खेळायचा ठरला.

पुण्याला आल्यावर माझा मित्र वसंता म्हणाला, "कोबोलमध्ये लिही. आपण रोज तेच लिहितो, हात बसलाय."

"कोबोल म्हणजे कारकुनी भाषा. तीत वाघ कसा लिहायचा? वाघ गणिताच्या भाषेत, फोरट्रानमध्येच."

"तुला फोरट्रान येतं?"

"पंधरा दिवस वाचतोय."

"बरं. पण छापताना आकड्याला किती रकाने लागतील ते नीट मोजून दे," वसंता म्हणाला आणि महिन्याभराच्या रजेवर गावी गेला. मी "मोजतो रे" म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

साहेबांच्या परवानगीनं जेवणाच्या सुट्टीत माझा गठ्ठा मशीनमध्ये जाऊ लागला. तात्यांचं पहिलं कार्ड आलं: 'बकरी ५ वर ठेवली. बाकी सर्व क्षेम.' मशीननं उत्तर छापलं, ते मी कार्डावर उतरवून पाठवलं. तिकडं वेल्ह्यात पोस्टमन माझं कार्ड तात्यांना देण्याआधी एसटी स्टँडवर मोठ्यानं वाचायचा. चहाच्या दुकानात फरशीवर खडूनं पट आखला होता म्हणे. हिर्डोशीचा एक माणूस दर आठवड्याला एवढ्या लांबून 'वाघ कुठवर आला' विचारायला यायचा.

तिसऱ्या कार्डाला माझ्या वाघानं बकरी खाल्ली. चौथ्याला आणखी एक. मी हवेत. ऑफिसात चहा पाजला सगळ्यांना.

पाचव्या चालीला मशीननं छापलं: 'वाघ ७ वरून * वर.'

चांदणी. आकडा नाही, नुसती चांदणी. गठ्ठा पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चांदणी. मशीन अडलं, म्हणजे मीच त्याला कच्चं शिकवलं. विचारायला वसंता नाही, तिकडं अख्खं वेल्हं कार्डाची वाट बघतंय. आणि सुमन. तेव्हा मी काय केलं असेल? मशीनला दिला आराम आणि स्वतः खेळायला बसलो. कार्डावर सही मात्र यंत्राचीच. वसंता रजेवरून परतल्यावरही लाजेनं त्याला काही सांगितलं नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. समोर बकरी दिसतेय, उडी मारली की खाल्ली. पण ती बकरी होणाऱ्या सासऱ्याची. जिंकायचं तर होतंच, पण दर वेळी त्यांचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि माझा वाघ सभ्यपणे बाजूला सरकायचा. असा सरकत सरकत तो कोपऱ्यात गेला. दोन महिन्यांनी तात्यांचं कार्ड आलं: 'तिन्ही वाघ कोंडले. रविवारी येऊन जावे.'

नकार ऐकायला मामाबरोबर जाताना एसटीत मी वाटेतल्या विंझरपासूनच तोंड पाडून बसलो होतो. स्टँडवर उतरलो तर चहावाला म्हणाला, "आलं बगा यंत्रवालं." कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

तात्यांनी पाटावर बसवलं. खाकरले. "यंत्र लईच कच्चं हाय तुमचं."

"हो," मी म्हणालो.

"येवढं कच्चं यंत्र सांबाळायला मानूस लागनारच. मजी तुमची नोकरी पक्की. मुहूर्त बगूया."

मला रडूच आलं. मामा म्हणाला, पोहे तिखट आहेत.

लग्न झालं. संसार लागला. मग एके दिवशी वसंतानं माझ्या टेबलाच्या खणातला तो चांदणीचा कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, घरं तेवीस आणि छापायला रकाना एकच दिलास? नवाच्या पुढचा आकडा मावेना, म्हणून मशीननं चांदणी छापली. ते कुठं अडलं होतं?"

त्यानं एकाच कार्डावर एकाचे दोन रकाने केले आणि गठ्ठा पुन्हा लावला. चांदणीच्या जागी आला चौदा. मशीन सातावरून चौदावर उडी घेऊन तिसरी बकरी खात होतं. पुढं जेवणाच्या सुट्टीत मशीननं वसंतालाही तीनदा हरवलं. म्हणजे जिंकणारा वाघ मी थांबवला होता आणि हरणारा बसवला होता.

घरी येऊन सुमनपुढं सगळं कबूल केलं. म्हटलं, इतके दिवस तुझ्या घरच्यांना फसवलं.

ती भाकरी थापत होती. थांबलीसुद्धा नाही.

"तात्यांनी पाचव्या कार्डालाच वळखलं होतं. वाघ एकाएकी बकऱ्या खायचा बंद झाला. तात्या म्हणाले, यंत्राला काय सासऱ्याची भीड पडती व्हय? ह्यो पोरगाच खेळतोय. खेळू दे, मानूस बरा दिसतोय."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "पन खरं सांगू का? यंत्र लई झ्याक खेळत हुतं. तुमी मधी पडलात आन् डाव घालवलात."