कुणाचं नाव लिवू?

दत्ताभाऊंना कुणी काम सांगितलं की ते आधी विचारायचे, "कुणाचं नाव लिवू?" शाळांच्या संगणकांत बसवायच्या पॅकेजमध्ये काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणी बदललं, हे सगळं त्यांच्या नोंदीत जायचं. मला तेव्हा त्या नोंदीचा वैताग यायचा.

तळेगावातली आमची संस्था जुने संगणक दुरुस्त करून मावळातल्या शाळांना देते. त्या थकलेल्या यंत्रांना मोठे ब्राउझर झेपत नसत. म्हणून टाकवे बुद्रुकच्या दत्ताभाऊंनी एक हलका ब्राउझर शोधला आणि एका क्लिकवर बसेल असं त्याचं पॅकेज बांधलं. खोट एकच होती, सुरक्षित जोडणी अर्धवट होती. मजकूर गुपित होऊन जायचा, पण समोरची साइट खरी की खोटी हे तो तपासतच नसे. दत्ताभाऊ सांगायचे, "पत्र पाकिटात घालतंय, पन कुनाच्या हातात देतंय त्ये बगत न्हाई." म्हणून ब्राउझरच्या पहिल्याच पानावर त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे पासवर्ड टाकू नका.'

आमच्या साहेबांना ते खुपलं. "पाहुण्यांसमोर शोभतं का हे? उडवा ती ओळ," ते मला म्हणाले. मी उडवायला बसले.

"मॅडम, नगा काढू. लय वंगाळ व्हईल."

"उगाच ताणू नका हो दत्ताभाऊ!" म्हणत मी ओळ उडवली.

बेडशाच्या प्रांजलने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज शाळेतल्या त्याच संगणकावरून भरला. शाळा शेजारच्या हॉटेलचं वायफाय वापरायची. त्यावर कुणीतरी खोटं पान मध्ये घालून तिचा पासवर्ड पळवला आणि अर्जच मागे घेऊन टाकला. यादी लागली तेव्हा पोरीला कळलं. कुणी केलं ते आजतागायत सापडलं नाही.

तिचे वडील जाब विचारायला आले, तर साहेब बिनदिक्कत म्हणाले, "पॅकेज यांनी बांधलंय." दत्ताभाऊंना त्यांनी हात जोडून माफी मागायला लावली. मी खाली मान घालून बसले होते. बाहेर आल्यावर दत्ताभाऊ एवढंच म्हणाले, "आता बगाच तुमी."

लोणावळ्यात आमचा वार्षिक कार्यक्रम होता. पडद्यावर साहेब ऐटीत आमच्याच ब्राउझरमध्ये प्रवेशाची साइट उघडायला गेले. पान उघडलं नाही. त्या जागी मोठ्या अक्षरांत आलं, 'सुरक्षित जोडणी अपुरी आहे. हा इशारा आधी दिला होता. तो काढायला सांगणारे', आणि पुढे साहेबांचं पूर्ण नाव! पालकांमध्ये बसलेले प्रांजलचे वडील उठून मोठ्याने वाचू लागले. काय सांगू, असा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बरी जिरली! माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, तोवर त्यांनी पुढची ओळ वाचली. 'काढणारी', आणि माझं नाव.

"आत्ताच्या आत्ता काढा हे!" साहेब ओरडले.

"काढतो की," मागून दत्ताभाऊंचा आवाज आला. "कुनी काढाय लावलं त्ये बी लिवतो."

जिन्यात मी दत्ताभाऊंना गाठलं. "माझं नाव कशाला? मी हुकमाची ताबेदार!"

"मॅडम, पोरीचं वरीस गेलं. साहेबांचा तर कीबोर्डला हातबी लागला न्हवता."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. आता पॅकेज माझ्याकडे आहे. साहेबांनी छप्पन्न वेळा सांगूनही त्या दोन ओळी मी काढलेल्या नाहीत. साहेबांचं नाव तिथे राहावं म्हणून माझंही राहू देते. राग माझाही काही कमी नाही.

मागच्या महिन्यात टाकव्याला गेले होते. दत्ताभाऊ खळ्यात भात वाळवत होते. चहा पाजला, इंद्रायणी तांदळाची पिशवी हातात दिली. मी गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या पोरीला भेटला का?"

मी भेटले नव्हते.