बाई चुकल्या!

पहिलीच्या बाईंना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारल्याचं कोणाला आठवत नाही. भाजीवाला म्हणतो, "या, पहिलीच्या बाई." दवाखान्यातली नर्स तेच म्हणते. घरात यजमान चिडले की तेही म्हणतात, "ऐका, पहिलीच्या बाई!" एकतीस वर्षं एकच वर्ग. बरोबरीच्या बायका चौथीला गेल्या, सातवीला गेल्या, एक तर मोठ्या बाई होऊन निवृत्तसुद्धा झाली. ह्या आपल्या पहिलीतच. कोणी विचारलं तर वर हसून सांगायच्या, "काय करू, पासच होत नाही मी!"

त्यांच्या वर्गाचा आठवडा ठरलेला. सोमवारी नवीन अक्षर यायचं, घरी पाहुणा यावा तसं, आणि त्या अक्षराची वस्तू मुलांनी घरून आणायची. 'ब' आला तेव्हा बटणं आली, बशा आल्या, एक बादली आली. 'आ'च्या सोमवारी आरसे आले, आगपेट्या आल्या (त्या बाईंनी आधी काढून घेतल्या), आणि मुंगीने तर चक्क आपल्या आबांनाच हाताला धरून आणलं. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात चिमुकली पोर, बाकावर बसली की पाय लोंबकळतात अशी. आबा तिचे आजोबा. बिचारे दिवसभर त्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले, डब्यातले घास पोरांना वाटले, आणि त्या दिवसापासून ते अख्ख्या वर्गाचे आबा झाले.

मंगळवारी ते अक्षर रेतीच्या ताटात गिरवायचं. बुधवारी जुन्या अक्षरांशी त्याची गाठ घालून शब्द करायचे, गुरुवारी शब्दांची वाक्यं. शनिवारी गोष्ट. पण खरा दिवस शुक्रवार! शुक्रवारी बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि त्यात मुद्दाम एक चूक पेरायच्या. मग तोंड असं साळसूद करून उभ्या राहायच्या की बघत राहावं. चूक सापडली की वर्गाने एका सुरात ओरडायचं, "बाई चुकल्या! बाई चुकल्या!" यासाठी पहारेकरी नेमलेले. एकाकडे काने, एकीकडे वेलांट्या, आणखी कोणाकडे उकार. दर आठवड्याला पहारा बदलायचा. टिंबांचा मात्र बदलत नसे, तो मुंगीने पकडून ठेवला होता. त्याला कारण होतं. एका शुक्रवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'मुगी हुशार आहे', आणि ती पोर बाकावर उभी राहून किंचाळली, "बाई, माझं टिंब! टिंब काढलं की मी मीच नाही राहत!" तेव्हापासून तिच्या हातून एक टिंब सुटेल तर शपथ.

आता या शाळेत नवे मोठे सर आले. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्ट घड्याळावर मोजणारा. पहिल्याच शुक्रवारी व्हरांड्यातून जाताना त्यांच्या कानावर काय पडलं असेल? "बाई चुकल्या!" तेही चाळीस पोरांच्या तोंडून आणि टाळ्यांच्या गजरात. सर दारातच थिजले.

मधल्या सुट्टीत त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"हा काय प्रकार, बाई? शिक्षिका चुकली म्हणून पोरं नाचतात?"

"चूक धरायची तर नीट वाचावं लागतं, सर. नुसतं घोकून भागत नाही."

"अठ्ठावीस आठवडे झाले आणि अठ्ठावीसच अक्षरं? शेजारच्या तुकडीचं पुस्तक संपून दोनदा उजळणी झाली. तुमची पोरं अजून वाटेतच."

"वाटेत आहेत, पण पायी चाललीत ना. कडेवर नाही घेतलेली."

हे जरा जास्तच झालं. बाईंना बोलताक्षणीच कळलं, पण तोंडातून निघालेला शब्द परत थोडाच गिळता येतो! सरांनी वही मिटली. पुढच्या शुक्रवारी वाचन तपासायला वरून साहेब येणार होते. अर्ध्याहून जास्त पोरं अडली तर सोमवारपासून बाईंनी ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळायच्या, पहिली दुसरं कोणीतरी घेईल. सरांनी असं सरळ सांगून टाकलं.

संध्याकाळी चहा घेताना बाईंनी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ग्रंथालय काही वाईट नाही. पंखा आहे तिथे. तुझ्या गुडघ्यांनाही आराम."

"पंख्याला म्हणता येतं का, बाई चुकल्या म्हणून?" बाई फणकारल्या, आणि कप विसळायच्या निमित्ताने आत जाऊन घळाघळा रडल्या. एकतीस वर्षं रोज सकाळी त्या खडूने हात पांढरे करायला निघायच्या. आता किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायचं?

एखादीने आठवडाभर ते पुस्तक पोरांकडून घोकून घेतलं असतं. बाईंच्याही मनात आलं, खोटं कशाला बोला? सोमवारी त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा. पण समोर पोरं 'झ'ची वाट बघत बसलेली. कोणी झाडू आणलेला, कोणी झाकण, कोणी झबलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "चला, पाहुण्यांना आत घ्या."

शुक्रवार उजाडला. साहेब आले. जाड चष्मा, हातात छापील कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर तीच, पहिलीच्या पुस्तकातली दहा वाक्यं. आधी शेजारची तुकडी झाली. पोरं एकामागून एक उठली आणि धडाधड म्हणून मोकळी झाली, अडखळायचं नावच नाही. तिथून बाहेर पडताना मोठ्या सरांची मान ताठ झाली होती.

मग आपला वर्ग. बाईंना खिडकीशी उभं केलं आणि बजावलं, एक अक्षर बोलायचं नाही. पहिला मुलगा उठला. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचत गेला. एका ठिकाणी थांबून साहेबांना म्हणाला, "हे अक्षर अजून आमच्याकडे आलं नाही." साहेबांच्या मिशीत हसू हललं. पण पाचव्या वाक्याशी पोरगा चाचरला. "आई... आबा... कापते." त्याने डोळे मोठे करून बाईंकडे पाहिलं. साहेबांनी कागदाकडे न बघता फुली मारली. "आंबा. आई आंबा कापते. पुढे."

दुसऱ्या मुलीने तेच वाचलं. फुली. तिसऱ्यानेही तेच. फुली. बाकांवर कुजबुज सुरू झाली, सरांनी डोळे वटारून ती बंद केली.

खिडकीशी बाईंनी मान उंच करून पाहिलं. कागद काही त्यांना दिसत नव्हता. टिंब खाल्लं? माझ्या पोरांनी? ज्या शुक्रवारांसाठी सरांशी भांडले, तेच शेवटी उपयोगाचे नाहीत? त्या क्षणी किल्ल्या त्यांना हातात आल्यासारख्याच वाटल्या.

चौथी मुंगी. तिने चार वाक्यं वाचली, पाचव्यावर बोट ठेवलं आणि गप्प झाली.

"येत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"येतं. पण मी वाचणार नाही."

"का गं?"

"आई आबांना कशाला कापेल?" मुंगीचा ओठ थरथरला. "आबांनी काय केलंय?"

मोठे सर पुढे झाले. "अगं वेडे, आंबा आहे तो, आंबा!"

"मग टिंब कुठाय?" मुंगी ताडकन म्हणाली. रडू कुठल्या कुठे पळालं, पहारा जागा झाला. तिने कागद दोन्ही हातांनी साहेबांच्या चष्म्यासमोर धरला. "दाखवा ना, कुठाय टिंब? टिंबांचा पहारा माझा आहे!"

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. कागद उजेडात धरला. दुसरा काढला, तिसरा काढला. एकाही कागदावर टिंब नव्हतं. छापणाऱ्याने खाल्लं होतं!

आणि शुक्रवार होता ना! वर्गाला कोण थोपवणार? चाळीस गळे एकदम फुटले, "साहेब चुकले! साहेब चुकले!"

मोठ्या सरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. बाईंनी तोंडावर पदर दाबला, त्याच्या आड हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण साहेब मोठ्या मनाचे निघाले. पोरं दमेपर्यंत त्यांनी ओरडू दिलं, मग म्हणाले, "चुकलो बुवा. दहा वेळा वाचलं हे पान, आणि मलाही आंबाच दिसला." मग ते सरांकडे वळले. "शेजारच्या सगळ्या मुलांनी इथे आंबा वाचला, सर. आंबा तर इथे नाहीच. मग त्यांनी वाचलं काय?"

साहेबांनी तिन्ही फुल्या खोडून तिथे बरोबरच्या खुणा केल्या आणि आपलं पेन मुंगीच्या हातात दिलं. "तुझा पहारा आहे ना? मग टिंब तूच दे." मुंगीने एवढं दाबून टिंब दिलं की कागदाला भोक पडलं. राहिलेल्या पोरांनी न घाबरता, बोट ठेवून, आपल्या चालीने वाचलं. नापास दोघंच झाले, त्यातला एक तापातून उठून आला होता.

शाळा सुटली. फाटकाशी आबा नेहमीसारखे छत्री टेकून उभे होते. मुंगी धावत जाऊन त्यांच्या गुडघ्यांना बिलगली. "आबा! मी वाचलं म्हणून तुम्ही वाचलात!"

आबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. "बरं झालं बाई," म्हणाले आणि तिचं दप्तर खांद्याला लावलं. मागे उभ्या असलेल्या बाईंनी मात्र तिथेच, भर रस्त्यात, डोळे पुसले.

सोमवारी किल्ल्यांचा विषय कोणी काढला नाही. नवीन अक्षर आलं, रेतीत गिरवलं गेलं. शुक्रवारी शेजारच्या तुकडीच्या तरुण बाई आपली पोरं घेऊन दारात आल्या. "आम्हीही बसू का हो?" त्यांनी विचारलं. दाटीवाटीने सगळे बसले. बाई खडू उचलणार, तेवढ्यात मोठे सर आत आले. त्यांनी हात पुढे केला. बाईंनी खडू दिला. सरांनी फळ्याकडे तोंड करून हळूहळू, वळणदार अक्षरात दोनच शब्द लिहिले.

मी चकलो.

मग उकारांचा पहारेकरी उसळला, "उकार राहिला! सर चुकले!" आणि दोन्ही वर्गांनी मिळून असं काही छप्पर डोक्यावर घेतलं की शिपाई धावत आला. सरांनी उकार मुद्दाम सोडला होता की खरंच राहिला होता, हे बाईंनी त्यांना कधीच विचारलं नाही. घोकंपट्टीने चकलो काय नि स्वतः चुकलो काय, दोन्ही खरंच होतं.

त्यांनी फक्त खडू परत मागून घेतला आणि म्हणाल्या, "बसा सर, मागच्या बाकावर जागा आहे."