घडी मोडण्याचा दिवस

समोरच्या शाळेत आज मुलांना बचतीसाठी मातीचे गल्ले वाटले. फाटकापाशी एक मुलगी रिकामा गल्ला कानाशी हलवत विचारत होती, "पण बाई, फोडायचा कधी?"

"अगं, आधी भरू तर दे!" बाई हसल्या.

शाळेने साठवायला जरूर शिकवावं, पण त्याच तासाला मोडायलाही शिकवावं. माझी बायको सुमन नवी जांभळी साडी नेसायला काढायची, तेव्हा मी म्हणायचो, "आजच कशाला घडी मोडतेस? चांगल्या दिवसाला ठेव." ती परत कपाटात ठेवून द्यायची. परवा शेजारणींनी त्या साडीची घडी मोडली, सुमनला शेवटची नेसवताना.

ती मुलगी अजून फाटकाशी उभी आहे. सुमननेही एकदा विचारलं होतं, "चांगला दिवस म्हणजे कधी हो?"

मीही बाईंसारखाच हसलो होतो.