लिंबावरून घसरलेली बर्फगाडी

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले, आणि इतक्या वर्षांत हातात पेन नसल्यामुळे अक्षर सगळं एका बाजूला पळतं. पण बर्फवाल्याबद्दल लिहावंसं वाटलं, म्हणून नातीची अर्धी राहिलेली वही घेतली आहे.

बर्फवाला हे नाव माझ्या सुनेनं ठेवलं. आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावात बर्फ पडतो तो नावाला, आणि या माणसानं बर्फावर चालणारी गाडी विकत घेतली होती. पुढे चाकांच्या जागी दोन लांब पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. कॅनडातून परतलेल्या कुणाच्या तरी गोठ्यात ती धूळ खात पडली होती. कुणी हसलं की तो म्हणायचा, "बर्फ कुठं पळून चाललाय? गाडी तयार पाहिजे."

तो मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. जवळच्या शॅनन गावच्या कारखान्यात माझ्या मुलाबरोबर मशीनच्या दुरुस्तीचं काम करायचा. मी इथे मराठी घरांना पुरणपोळ्या आणि चकल्या करून देते, त्या न्यायला तो पहिल्यांदा आला. परकं माणूस आलं की मी स्वयंपाकघरात जाऊन बसते. हा सरळ स्वयंपाकघरातच आला आणि कपाटाला टेकून दोघांच्या वाटचं एकटाच बोलला.

"वजन कमी, ताकद जास्त" हा त्याचा मंत्र. माझी पोळी उजेडात धरून म्हणायचा, "मावशी, वजन हाय का हिला? पण पुरण सांडतंय का? गाडीला असले हात पाहिजेत." पुढच्या पट्ट्या गाडीला ज्या नळ्यांनी जोडलेल्या असतात त्यांना तो हात म्हणायचा. गाडीबरोबर आलेले हात जड, आणि दगडाला धडकले की वाकणारे. त्याच मापाचे, पण चांगल्या पोलादाचे हलके हात दुसरीकडे मिळतात, त्यांच्याबरोबर नवे शॉकअपही. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी.

स्वीडनच्या उत्तरेला पर्यटकांना अशा गाड्यांवरून फिरवतात. तिथल्या एका गॅरेजात त्यानं नोकरी मागितली होती. ते म्हणाले, आधी तुझं काम दाखव. आणि याचा पगार कोल्हापूरच्या घराच्या हप्त्यात जात होता. हे सांगितलं त्या दिवशी त्यानं चकलीला हात लावला नाही, तेव्हा गाडीच्या नव्या हातांसाठी त्याच्याकडे पैसे नाहीत हे मला कळलं. पोळ्यांचे पैसे मी भारतात बहिणीकडे दिवाळीला जायच्या तिकिटासाठी साठवले होते. ते त्याच्यासमोर ठेवले.

"मावशी, हे तुमचं तिकीट हाय."

"यंदा नाही, पुढच्या दिवाळीला जायचंय," मी म्हटलं.

"मग त्याच्या आत देतो."

मुलगा हसला. "आई, पैसे बर्फात घातलेस. बर्फाचं पाणी व्हायला किती वेळ लागतो?"

नवे हात आले ते त्यानं आधी माझ्या पिठाच्या काट्यावर ठेवले, मग जुने. काट्यावरचे आकडे बघून बाळाचं वजन वाढलेल्या आईसारखा खूष झाला. फक्त इथे वजन घटलं होतं.

गाडी चालवून बघायला आम्ही एका म्हाताऱ्या आयरिश शेतकऱ्याच्या ओल्या कुरणात गेलो. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं. चाकं नव्हती, म्हणून मी दोन पट्ट्यांखाली दोन लिंबं ठेवली. पण चाक लिंबू चिरडतं, पट्टीचा भरवसा नाही. त्यानं गाडी सुरू केली तसं एक लिंबू चेपलं, दुसरं ओल्या गवतावर गोटीसारखं घरंगळायला लागलं. गाडी तिरकी झाली आणि थेट दगडी बांधावर जाऊन आदळली.

"जीझस, मेरी अँड जोसेफ!" म्हातारा ओरडला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बर्फवाला गवतात पालथा पडून गाडीखाली हात फिरवत होता. गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडे लक्षच नाही. "मावशी, वाकला न्हाई! बांध पडला पण हात वाकला न्हाई! नाद खुळा!"

म्हाताऱ्यानं बांधाकडे बघितलं. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत छान. "आता दगड लावा." मग बर्फवाल्यानं दगड रचले आणि मी ते उचलून देत गेले.

मुलानं हे सगळं फोनवर टिपलं होतं. बर्फवाल्यानं लिंबासकट तेच स्वीडनला पाठवलं. नोकरी मिळाली. नाताळाआधी गाडी ट्रेलरवर घालून तो बोटीनं निघाला. मी चकल्यांचा डबा दिला. त्यानं वाकून नमस्कार केला.

मग बरेच दिवस काहीच नाही. सून म्हणाली, "आई, विसरा आता." बहीण फोनवर विचारायची, येतेस ना? मी म्हणायची, बघते. होळीच्या सुमाराला पहिले थोडे पैसे आले, पाठोपाठ फोनवर त्याचा आवाज: "मावशी, इथं नाक गोठतंय, पण गाडी झकास!" मग आणखी थोडे आले. उन्हाळ्यात बर्फ गेला, पर्यटक गेले आणि पैसेही थांबले.  मला धाकधूक वाटायला लागली.

नवरात्रात एका सकाळी मुलानं फोन माझ्यापुढे धरला. बर्फवाल्याकडून आलेल्या पैशांचा आकडा मी दोनदा वाचला. मग मी कधी करत नाही ते केलं. बर्फवाल्याला आपणहून फोन लावला.

"मावशी? तुम्ही? कमी आले का?"

"नाही रे बाबा. तिकीट काढतेय, तेच सांगायला फोन केला. तुझे सगळे पैसे फिटले."