गुडघे छातीशी

आमची पोर कुठंही बसायची. तेर गावातल्या आमच्या गल्लीत शिवणापाणी ऐन रंगात आलेलं असायचं आणि ही रस्त्याच्या मधोमध उकिडवी, हनुवटी गुडघ्यांवर. तीन वर्षांची होती. म्हातारी माणसं जाता-येता विचारायची, "काय सरपंचबाई, भरली का ग्रामसभा?" ती ठसक्यात "व्हय" म्हणायची आणि सगळे हसायचे. मलाही कौतुकच वाटायचं. सावळा रंग, त्यात ओठांवरची निळसर झाक कुणाच्या लक्षात येणार?

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी मात्र तिला दारात तशी बसलेली पाहिलं आणि विचारलं, "ही दमली की अशीच बसते का?" मग जीभ पाहिली, नखं पाहिली, छातीला नळी लावली. पुढं मोठ्या दवाखान्यात कळलं, हृदयाला जन्मापासून छिद्र होतं आणि फुप्फुसाकडं रक्त जायची वाटही अरुंद होती. उकिडवं बसलं की तिकडं रक्त जरा जास्त जातं. पोरीनं आपला उपाय आपणच शोधला होता. मला गल्लीतल्या त्या हसण्याचा भयंकर राग आला, आणि दोष कुणाचाच नव्हता म्हणून जास्तच आला.

ऑपरेशनची तारीख मिळाली. तोवर फार रडू द्यायचं नाही, निळी पडलीच तर गुडघे छातीशी दाबून धरायचे आणि दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावलं. घर तिच्या तालावर नाचायला लागलं. आई कुरकुरायची, "लई लाडावून ठेवलीय." बायको म्हणायची, "लाडावू द्या. बरी झाल्यावर बघू."

ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. सकाळी तिची काचेची बांगडी फुटली. एवढ्याशा कारणानं रडायला लागली, ती थांबेचना. ओठ काळेनिळे पडले. मी गुडघे छातीशी दाबले, शेजाऱ्यानं जीप काढली. धाराशिवच्या वाटेवर तिचं रडणं थांबलं. मला वाटलं, उतार पडला. बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, थांबली."

दवाखान्यातून तिला घरी आणलं, तेव्हाही ती तशीच माझ्या मांडीवर होती. अंगणात माणसं जमली होती. चुलते माझ्याशेजारी येऊन बसले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "सोड बाबा आता. पाय सरळ करू दे पोरीचे."

"जरा थांबा की, तात्या," मी म्हणालो. "असं बसल्यावर बरं वाटतंय तिला."